अमेरिकेतल्या कॉलेज-संघातला पहिला डिसेंबर: घरापासून दूर सुट्टी कशी काढावी

खेळाच्या जोरावर अमेरिकेतल्या कॉलेजात प्रवेश मिळाला की सल्ले द्यायला पुष्कळ लोक पुढे येतात. व्हिसाच्या मुलाखतीत काय विचारतात, सामान किती किलो नेता येतं, थंडीचे कपडे कुठे घ्यावेत, सगळं सांगतात. नोव्हेंबरच्या शेवटापासून जानेवारीच्या मध्यापर्यंतचे दिवस कसे जातात, हे मात्र क्वचितच कोणी सांगतं. त्या काळात वर्गातली मुलं घरी गेलेली असतात, कॅम्पस ओस पडलेला असतो आणि तुमचा संघ मात्र सराव करत असतो. हा लेख त्या दिवसांसाठी आहे.

एक गोष्ट सुरुवातीलाच सांगते, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. सुट्टीतला एकटेपणा सरावाच्या दिवशी येत नाही. सकाळी वेट्स, दुपारी मैदान, मध्ये व्हिडिओ बघणं, अशा दिवशी रात्री आडवं झालं की झोप लागते. एकटेपणा येतो मधल्या मोकळ्या दिवसांत. कोचने तीन दिवस रजा दिली, टीममेट गाड्या काढून घरी गेले, मेसला कुलूप आणि तुमचं घर मात्र दोन विमानांच्या पलीकडे. म्हणून तयारी करायची ती या मोकळ्या दिवसांची. ते कधी येणार हे आधी कळू शकतं, आणि कळलं की अर्धं काम होतं.

१. आपल्या खेळाची सुट्टी कशी असते ते ओळखा

प्रत्येक खेळाचा हिवाळा वेगळा असतो. बास्केटबॉलचा हंगाम नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात सुरू होऊन मार्चपर्यंत चालतो, म्हणजे थँक्सगिव्हिंग (नोव्हेंबरच्या अखेरीस येणारा अमेरिकेतला मोठा सण), नाताळ आणि नवं वर्ष हे तिन्ही त्याच्या पोटातच येतात. थँक्सगिव्हिंगच्या आठवड्यात तर मोठ्या स्पर्धाच असतात. हवाईतली माउई इन्व्हिटेशनल १९८४ पासून आहे आणि बहामाजमधली बॅटल फोर अटलांटिस २०११ पासून. माउईच्या स्पर्धेमागची गोष्ट प्रत्येक नव्या खेळाडूला माहीत असावी असं मला वाटतं. २३ डिसेंबर १९८२ रोजी, नाताळ दोन दिवसांवर आलेला असताना, होनोलुलूतल्या शॅमिनाड या छोट्याशा कॉलेजने देशात पहिल्या क्रमांकावर असलेल्या व्हर्जिनियाला ७७-७२ असं हरवलं. व्हर्जिनियाचा संघ जपानचा दौरा आटोपून परतीच्या वाटेवर तिथे थांबला होता. या विजयातूनच पुढे माउईची स्पर्धा उभी राहिली. ऐन सणाच्या तोंडावर घरापासून हजारो मैलांवर असणं हे या खेळात जुनं आहे, फक्त तुमच्या वाट्याला आलेलं नाही.

अमेरिकन फुटबॉलवाल्यांचे ‘बोल’ (हंगामाअखेरचे खास) सामने डिसेंबरच्या मध्यापासून सुरू होतात, आणि २०२४ च्या हंगामापासून अजिंक्यपदाची प्लेऑफ बारा संघांची झाल्याने डिसेंबरातच कॅम्पसवर मोठे सामने होऊ लागले आहेत. महिला व्हॉलीबॉलची राष्ट्रीय स्पर्धा डिसेंबरात संपते, त्यामुळे संघ जिंकत राहिला की सुट्टी पुढे ढकलली जाते. जलतरणपटूंचं निराळंच असतं. सामने फारसे नसतात, पण नाताळानंतर आणि वर्ग भरण्याआधी बरेच संघ फ्लोरिडासारख्या उबदार ठिकाणी शिबिराला जातात, आणि वर्षातला सगळ्यात कठीण सराव तिथेच होतो. टेनिस आणि गोल्फचा मुख्य हंगाम वसंतात असल्याने त्यांना हिवाळ्यात खरोखरची मोठी रजा मिळू शकते. क्रॉस कंट्रीवाले नोव्हेंबरच्या अखेरीस मोकळे होतात, पण त्यांच्यातले बरेचजण लगेच इनडोअर ट्रॅककडे वळतात.

एक नियमही समजून घ्या. एनसीएए म्हणजे कॉलेजांमधल्या खेळांचा कारभार बघणारी संस्था. तिच्या डिव्हिजन वन या सगळ्यात वरच्या गटात हंगाम चालू असताना सक्तीच्या सरावाला आठवड्याला २० तास आणि दिवसाला ४ तास अशी मर्यादा असते. कॉलेजची अधिकृत सुट्टी सुरू झाली आणि वर्ग बंद असले की हे तासांचं बंधन उरत नाही. त्यामुळे ‘सुट्टीत जरा आराम मिळेल’ असं धरून चालू नका. उलट बरेच कोच याच दिवसांत दोन-दोन सत्रं लावतात, कारण परीक्षा, असाइनमेंट यांची आडकाठी नसते.

२. तीन कॅलेंडरं एकावर एक ठेवा

हे काम सप्टेंबरातच करा. संघाचं वेळापत्रक, कॉलेजचं शैक्षणिक कॅलेंडर आणि डॉर्म (वसतिगृह) चालवणाऱ्या हाउसिंग ऑफिसचं कॅलेंडर, ही तिन्ही वेगवेगळी असतात आणि एकमेकांशी जुळतीलच असं नाही. तिन्हींतल्या तारखा एका कागदावर लिहून काढा. डॉर्म बंद पण सराव चालू असे दिवस एका रंगाने खुणा करा. डॉर्म उघडा पण सराव नाही, मेस नाही, कोणी नाही असे दिवस दुसऱ्या रंगाने.

दुसऱ्या रंगाचे दिवस मोजून बघा. बहुधा ते वाटतात त्यापेक्षा कमी निघतात. थँक्सगिव्हिंगला दोन-तीन, नाताळाच्या आसपास तीन-चार, असं काहीसं. एवढ्यात भारतात जाऊन परत येणं जमत नाही, पण एवढ्या दिवसांची नीट सोय लावणं नक्की जमतं.

मग कोचला किंवा संघाचं कामकाज बघणाऱ्या ऑपरेशन्सच्या माणसाला स्पष्ट विचारा: नाताळाला कुठल्या तारखेला सुटायचं, कुठल्या तारखेला हजर व्हायचं, आणि मधला सराव सक्तीचा की ऐच्छिक? नव्या खेळाडूंना हे विचारायचा संकोच वाटतो, आपली निष्ठा कमी दिसेल असं वाटतं. तसं काही नसतं. स्थानिक मुलं हाच प्रश्न ऑगस्टमध्ये विचारून मोकळी झालेली असतात.

३. छप्पर आणि जेवण

अनेक कॉलेजांत नाताळाच्या सुट्टीत डॉर्म बंद होतात आणि दाराचं कार्डही चालेनासं होतं. खेळाडूंसाठी आणि परदेशी विद्यार्थ्यांसाठी ‘ब्रेक हाउसिंग’ असतं, पण त्याचा अर्ज वेगळा करावा लागतो आणि मुदत बऱ्याचदा नोव्हेंबरातच संपते. संघ आपलं नाव देईल असं गृहीत धरू नका. दिलं आहे का, ते विचारा आणि उत्तर ईमेलवर घ्या. काही ठिकाणी सगळ्यांना एकाच इमारतीत हलवतात. तसं असेल तर गादी, उशी, चादर, भांडी काय न्यायचं तेही विचारून ठेवा.

खर्चाचं असं आहे: संघाच्या सरावासाठी किंवा सामन्यासाठी तुम्हाला सुट्टीत थांबायला लावलं असेल, तर राहण्या-जेवणाचा खर्च द्यायची मुभा कॉलेजला नियमांत आहे. पण ती मुभा आहे, सक्ती नाही. भरपूर पैसा असलेल्या विद्यापीठात संघासाठी जेवण येतं किंवा हातात रोज ठरावीक पर डिएम मिळतं. लहान कॉलेजात, विशेषतः खेळाची शिष्यवृत्तीच नसलेल्या डिव्हिजन थ्रीमध्ये, आपलं आपण बघायची वेळ येऊ शकते. म्हणून ऑक्टोबरातच विचारा की सुट्टीत जेवणाचं काय, कुठल्या तारखेपासून कुठल्या तारखेपर्यंत आणि पैसे कधी हातात येणार. पर डिएम एकरकमी मिळालं तर पहिल्याच आठवड्यात बाहेरच्या खाण्यावर उडवू नका.

थँक्सगिव्हिंग नोव्हेंबरच्या चौथ्या गुरुवारी असतो. त्या दिवशी बहुतेक दुकानं बंद असतात आणि कॅम्पसची बससेवाही पुष्कळदा बंद किंवा तुटपुंजी असते. किराणा मंगळवारीच भरून ठेवा. गाडी असलेल्या टीममेटला सांगितलं तर तो आनंदाने नेतो. खोलीत हॉटप्लेट लावायला बहुतेक डॉर्ममध्ये मनाई असते. मजल्यावर सामायिक स्वयंपाकघर असेल तर ते सुट्टीत उघडं राहणार का, बघून घ्या. खेळाडूचं पोट नुसत्या नूडल्सवर चालत नाही. अंडी, दूध, दही, डाळ, तांदूळ, पीनट बटर, फळं एवढं घरात असलं तर तीन-चार दिवस सरावाला साजेसं खाणं होतं.

भाड्याच्या घरात राहत असाल आणि संघाबरोबर चार दिवस बाहेर जाणार असाल, तर उत्तरेकडच्या राज्यांत हीटिंग पूर्ण बंद करून जाऊ नका. नळाचे पाइप गोठून फुटतात.

४. कागदपत्रं

हा भाग कंटाळवाणा आहे, पण यात ढिलाई चालत नाही. एफ-१ म्हणजे विद्यार्थी व्हिसावर असाल तर देशाबाहेर जाऊन परत येण्यासाठी आय-२० या कॉलेजने दिलेल्या कागदावर इंटरनॅशनल ऑफिसातल्या डीएसओची (परदेशी विद्यार्थ्यांची कागदपत्रं बघणाऱ्या अधिकाऱ्याची) प्रवासासाठीची सही लागते, आणि ती साधारण एक वर्ष चालते. तुम्ही म्हणाल, मी कुठे घरी चाललोय? पण बहामाजला किंवा कॅनडात स्पर्धा असली तर तेही देशाबाहेर जाणंच आहे. संघातल्या बाकीच्यांना फक्त पासपोर्ट पुरतो, म्हणून तुमच्या वेगळ्या गरजेकडे लक्ष जात नाही. दौरा जाहीर झाला त्याच आठवड्यात डीएसओला भेटा. त्या देशाचा व्हिसा लागतो का, आपला अमेरिकेचा व्हिसा परतताना चालू असेल का, हे दोन्ही विचारा. नाताळात हे ऑफिसही बंद असतं.

सुट्टीत थोडे पैसे कमवावेत असं वाटलं तर एफ-१ वर कॅम्पसमधलं काम वर्ग चालू असताना आठवड्याला २० तासांपर्यंत आणि सुट्टीत पूर्णवेळ करता येतं. कॅम्पसबाहेरची कामं या सवलतीत बसत नाहीत. खेळाडूंना २०२१ पासून आपल्या नावावर, प्रसिद्धीवर पैसे मिळवायची मुभा मिळाली आहे, टीममेट जाहिराती करताना दिसतील, पण विद्यार्थी व्हिसावर असलेल्यांना तो मार्ग सरळ नाही. इंटरनॅशनल ऑफिसला विचारल्याशिवाय एक डॉलरही घेऊ नका.

५. घरच्यांना आधी सांगा

‘सगळ्यांना सुट्टी आहे ना, मग तू का येत नाहीस?’ हा प्रश्न डिसेंबरात फोनवर येण्याऐवजी सप्टेंबरातच संपवावा. आईबाबांना संघाचं वेळापत्रक पाठवा आणि समजावून सांगा की अमेरिकेत हा खेळ कॉलेजच्या नावावर चालतो, हंगाम सुट्टीला थांबत नाही. भारतातून याच वाटेने गेलेल्यांची नावं त्यांना सांगा. सोमदेव देववर्मनने व्हर्जिनिया विद्यापीठाकडून २००७ आणि २००८ अशी सलग दोन वर्षं एनसीएएचं टेनिसमधलं एकेरीचं विजेतेपद मिळवलं. तेजस्विन शंकरने कॅन्सस स्टेटकडून उंच उडीत २०१८ आणि २०२२ मध्ये. घरच्यांना बहुतेकदा एवढंच हवं असतं की मुलगा किंवा मुलगी कुठल्यातरी रुळलेल्या वाटेवर आहे.

फोनची वेळ ठरवून टाका. नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी अमेरिकेतली घड्याळं एक तास मागे जातात. त्यानंतर पूर्व किनाऱ्यापेक्षा भारत साडेदहा तास पुढे असतो आणि पश्चिम किनाऱ्यापेक्षा साडेतेरा. न्यूयॉर्कचे सकाळचे साडेआठ म्हणजे घरी संध्याकाळचे सात. सराव आठच्या आत संपत असेल तर ही वेळ दोघांनाही सोयीची. पश्चिमेला सकाळी आठला केलात तर घरी रात्रीचे साडेनऊ झालेले असतात.

सामन्याच्या आधी मोठा फोन नको. घरी काहीतरी समारंभ चाललेला असतो, सगळे एका खोलीत जमलेले असतात, फोन एका हातातून दुसऱ्या हातात फिरतो, आणि ठेवला की अर्धा तास मन तिथेच राहतं. सामन्याच्या दिवशी एक छोटा निरोप, मोठं बोलणं नंतर. घरच्यांना हे प्रेमाने सांगितलं तर ते पाळतात. आणि रडू आलं तर येऊ द्या. आईला वाईट वाटेल म्हणून रोज ‘सगळं मस्त चाललंय’ म्हणत राहिलात तर काही दिवसांनी फोन करणंच नको होतं. वाईट गेलेला दिवस वाईट गेला असं सांगून, जेवण झालं आहे आणि उद्या सराव आहे हेही सांगा. त्यांना पुरतं तेवढं.

६. बोलावणं आलं तर जा

थँक्सगिव्हिंगला कोणाला एकटं सोडू नये ही भावना अमेरिकेत खरी आहे. कोच घरी बोलावतात, टीममेट आपल्या आईला सांगून ठेवतात, इंटरनॅशनल ऑफिस कुटुंबं जुळवून देतं. आपल्या मनात येतं की ते उपचार म्हणून विचारत असतील, आपण कशाला अडचण करायची. मग आपण एकदा ‘नको’ म्हणतो आणि आग्रहाची वाट बघतो. इथे आग्रह होत नाही. ‘नको’ म्हटलं की ते तुमच्या इच्छेचा मान राखतात आणि विषय संपतो. त्यामुळे जायचं असेल तर पहिल्याच वेळी ‘हो, मला आवडेल’ म्हणा.

मांसाहार करत नसाल तर आठवडाभर आधीच कळवा, कारण जेवण टर्कीभोवती रचलेलं असतं आणि सारणात, ग्रेव्हीतही मांसाचा रस असतो. ‘मी काय आणू?’ असं विचारा. ‘काही नको’ म्हणाले तरी फळं किंवा फुलं न्या. जेवण बऱ्याचदा दुपारीच असतं आणि नंतर सगळे टीव्हीवर फुटबॉल बघत बसतात. भांडी आवरायला उठा. दुसऱ्या दिवशी आभाराचा निरोप पाठवायला विसरू नका.

एक सावधगिरी. बोलावणारी व्यक्ती संघाला देणगी देणारी, म्हणजे बूस्टर असेल तर आधी कॉलेजच्या कंप्लायन्स ऑफिसला (खेळाचे नियम पाळले जातात का ते बघणाऱ्या ऑफिसला) कळवा. कधीमधी घरगुती जेवणाला जाणं सहसा नियमात बसतं. विमानाचं तिकीट, रोख रक्कम, महागडी भेट हे वेगळे प्रश्न आहेत. कंप्लायन्समधली माणसं पकडायला बसलेली नसतात. आधी विचारणारा खेळाडू त्यांना आवडतो.

आणि कोणी बोलावलं नाहीच तर तुम्ही बोलवा. संघात, दुसऱ्या संघांत, लॅबमध्ये तुमच्यासारखीच परदेशी मुलं थांबलेली असतात. ऑक्टोबरच्या शेवटी एक ग्रुप करा, त्यात कॅम्पसवर कोण कधी आहे एवढं विचारा. सामायिक स्वयंपाकघरात पाच जणांनी आपापल्या घरचं एकेक काही केलं की तो दिवस पुरा होतो.

७. संघ गेला आणि तुम्ही मागे राहिलात तर

याबद्दल फार कमी बोललं जातं, म्हणून मी इथे जरा थांबते. बाहेरगावच्या सामन्यांना सगळा संघ जात नाही. प्रवासाच्या यादीत जागा मोजक्या असतात आणि पहिल्या वर्षाचा खेळाडू त्यात नसतो, हे अनेकदा घडतं. दुखापत असेल तर नाहीच. मग स्थिती अशी होते की सुट्टी म्हणून वर्ग नाहीत, वर्गमित्र नाहीत, आणि ज्यांच्यासाठी थांबलात तो संघही विमानात बसून गेला. घरी न जाण्याचं कारणच हातातून निसटल्यासारखं वाटतं. पहिल्या हिवाळ्यातले हे सगळ्यात अवघड दिवस.

यादी लागायच्या आधीच कोचला विचारा: मी गेलो नाही तर या चार दिवसांत मी काय करायचं? लेखी कार्यक्रम मागा. वेट रूम कधी उघडी, कोण देखरेखीला असेल, किती धावायचं. मागे राहिलेले दोघं-तिघं असतील तर सराव एकत्र करा. दुखापत असेल तर ट्रेनर थांबणार आहे की संघाबरोबर जाणार आहे ते बघा. (अमेरिकन कॉलेजात ट्रेनर म्हणजे दुखापत आणि उपचार बघणारी व्यक्ती, व्यायाम घेणारी नव्हे. नव्या मुलांचा इथे गोंधळ होतो.) ती जाणार असेल तर तिच्या जागी कोण, त्याचा नंबर घेऊन ठेवा.

संघाचा सामना बघा, एकट्याने खोलीत नाही, कोणाबरोबर तरी. बघताना तुमच्या जागेवर खेळणाऱ्याच्या हालचाली लिहून काढा आणि संघ परतल्यावर सहायक कोचशी त्यावर बोला. जे खेळाडू असं करतात त्यांची जानेवारीतली पहिली सत्रं वेगळीच जातात, कारण ते चार दिवस संघाबाहेर नव्हतेच.

आणि सरावाखेरीज दिवसाला एक तरी बाहेरचं काम ठेवा, ज्यात माणसांशी बोलणं होईल. वाचनालय उघडं असेल तर तिथे जाऊन बसा, गावातल्या फूड बँकेत मदतीला जा. या दिवसांत त्यांना हात हवेच असतात.

८. शरीर आणि मन

उत्तरेकडे हिवाळ्यात दिवस इतका लहान होतो की पहिल्या वर्षी धक्का बसतो. बोस्टनमध्ये डिसेंबरच्या सुरुवातीला सव्वाचारच्या सुमारास सूर्य मावळतो. सकाळचा सराव आत, दुपारचा सराव आत, आणि बाहेर आलात की अंधार. सकाळी उजेडात वीस-तीस मिनिटं बाहेर चाला, थंडी असली तरी. झोपेची वेळ सुट्टीतही बदलू नका. रात्रभर घरच्या वेळेनुसार जागून गप्पा मारल्या की दोन दिवसांत सराव आणि मनःस्थिती दोन्ही घसरतात.

घरून आलेल्या पार्सलमधली चूर्णं, काढे, ताकदीच्या पावडरी ट्रेनरला दाखवल्याशिवाय घेऊ नका, प्रेमाने पाठवल्या असल्या तरी. डब्यावर न लिहिलेला एखादा घटक उत्तेजकांच्या चाचणीत सापडला तर तो कुठून आला हे कोणी विचारत नाही.

आठवडाभर भूक नाही, झोप नाही, सरावाला जायचीच इच्छा नाही, कोणाशी बोलावंसं वाटत नाही, असं झालं तर ते ‘होमसिक’ म्हणून सोडून देऊ नका. कॉलेजच्या समुपदेशन केंद्राची सुट्टीतली वेळ कमी असते, काही ठिकाणी फक्त फोनवर सोय असते, म्हणून नंबर डिसेंबरच्या आधीच जतन करा. जगणं नको असं मनात येत असेल तर ९८८ हा नंबर अमेरिकेत कुठूनही, चोवीस तास, फोनवर आणि मेसेजवर चालतो. २०२२ पासून तो देशभर सुरू आहे. तुमच्या टीममेटसाठीही तो लक्षात ठेवा.

९. जानेवारीत पुढची तारीख ठरवा

वर्ग पुन्हा भरले की आधी हे काम करा: घरी कधी जाणार ते ठरवा. उन्हाळ्यात अनेक खेळांचं प्रशिक्षण जूनमध्ये सुरू होतं आणि काहींना उन्हाळी वर्गही घ्यावे लागतात, त्यामुळे परीक्षा संपल्यापासून तेवढाच मे महिना मोकळा मिळतो. कोचकडून तारखा जानेवारीतच लेखी घ्या, आय-२० वरची सही तोपर्यंत चालू राहते का बघा, व्हिसाची मुदत तपासा, कारण तो संपत असेल तर भारतात नव्याने मुलाखतीची वेळ मिळवावी लागेल. मग तिकीट काढा आणि तारीख घरी कळवा.